आंबिलीतलं जिरं

माझ्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, जुन्या आठ आण्याएवढा एक खड्डा आहे. तो मला दिसत नाही. ज्यांना दिसतो ते विचारतात, आणि आजवर मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलेलं आहे. सुनेला सांगितलं, लहानपणी गळू झालं होतं. शेजारणीला सांगितलं, बाभळीचा काटा मोडला. एका लग्नात एक पाहुणी फारच खोदून विचारायला लागली, तेव्हा तिला सांगितलं की रझाकाराची गोळी चाटून गेली. बिचारी हात जोडून गेली. रझाकार गेले तेव्हा माझी आई अजून परकर नेसत होती, हे तिला घरी गेल्यावर सुचलं असेल.

पण आता नात गुलबर्ग्याला डॉक्टरकी शिकते. गेल्या दिवाळीत पाठीला तेल लावताना तिचा हात त्या खड्ड्यावर थांबला. "आजी, खरं सांग," म्हणाली. तिच्यापुढं काटा, गळू, गोळी काहीच चालेना. खरं सांगितलं. ती आधी हसली, मग पुन्हा हसली, मग म्हणाली, "हे लिहून काढ." तिच्या पुस्तकात या दुखण्याला एक भारदस्त इंग्रजी नाव आहे, माझ्या कवळीतून ते बाहेर पडेपर्यंत चहा गार होतो. आपल्यात सोपं आहे. माझ्या पाठीत किडे पडले होते. माशीच्या अळ्या. जनावराच्या जखमेत पडतात तशा, जित्याजागत्या, आणि मी त्यांना घेऊन चार दिवस घरभर हिंडत होते, स्वयंपाक करत होते, आणि घरातल्या एकाच माणसापासून त्यांना लपवत होते.

ते माणूस म्हणजे माझी जाऊ.

ही चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पन्नाशीची होते आणि स्वतःला फार पोक्त समजत होते. आता कळतं, पन्नाशीची बाई म्हणजे आंबट बोर. गाव आमचं भालकीपासून बसनं अर्ध्या तासावर. घरात दोघं भाऊ, आम्ही दोघी जावा, एक म्हैस, एक चूल. गॅस होता, पण तो चहापुरता, भाकरी चुलीवरच. मुलं सगळी शिकायला, नोकरीला बाहेर. मी थोरली. जाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान, गुलबर्ग्याकडची. आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. तिला मराठी मीच शिकवलं. त्यात शिव्या जरा जास्त पडल्या, हे मान्य. ती मला अक्का म्हणते.

कामाची वाटणी अशी होती: पळी माझ्या हातात, बाकी सगळं तिच्या. म्हशीची धार तिची, कारण म्हैस मला लाथ मारायची. भाकरी तिच्या, कारण माझ्या भाकरीला कोपरे यायचे. गोठ्यातली दुखणीखुपणी तिचीच. जुवानं खांद्याला झालेली जखम धुवून, पाला वाटून लावून, चार दिवसांत बैल उभा करायची. मी पळी धरून उभी राहायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, घर मी चालवते.

आणि उन्हाळ्यात आम्ही एकमेकींची पाठ खाजवायचो. आमच्याकडचं घामोळं म्हणजे साधं नाही; वैशाखात पाठीवर मोहरी फुटते. दुपारची भांडी झाली की गोठ्याच्या सावलीत एक पुढं बसायची, एक मागं. पाठीवर जिथं आपला हात पोचत नाही तेवढी जागा देवानं जावेसाठी ठेवलीय, असं सासूबाई म्हणायच्या. त्या गेल्या, पण हे म्हणणं राहिलं.

तर त्या वर्षी येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, आम्ही नेहमीसारखे शेतात जेवायला. कडब्याची कोप उभारलेली, तिच्यात पांडवांची पूजा, डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, आणि शाल गुंडाळलेल्या मडक्यात माझ्या हातची ताकातली आंबील. आंबील माझी. त्या बाबतीत मी कुणाला मडक्याजवळ येऊ देत नसे. झाकणसुद्धा मीच ठेवणार, आणि त्या दिवशी पाहुण्यांशी बोलता बोलता ठेवायचं राहिलं. पंगत बसली. मी माझी वाटी उचलली, तोच जाऊ शेजारून म्हणाली, "अक्का, थांबा. आंबिलीत माशी हाय."

ती हळूच म्हणाली होती, हे मी आज कबूल करते. पण वारा पाहुण्यांकडं वाहत होता.

नऊ माना वळल्या.

"जिरं हाय ते," मी म्हणाले.

"जिऱ्याला पाय हायत, अक्का."

आता शहाण्या बाईनं काय करावं? वाटी ओतून द्यावी, हसावं, दुसरी भरून घ्यावी. पण त्या वेळची मी म्हणजे पळीची मालकीण. मी सगळ्यांकडं एकदा पाहिलं, वाटी तोंडाला लावली आणि तळापर्यंत प्यायले. आम्ही लिंगवंत, खाटकाच्या गल्लीतून जाताना मी पदर नाकाला लावते, अंड्याचा केक आला तर ताट धुते. ती मी, नऊ पाहुण्यांच्या देखत, एक माशी पायापंखासकट गिळली. चव काही नव्हती. आंबील मात्र चांगली जमली होती.

"जिरंच होतं," मी ओठ पुसायच्या आधीच जाहीर केलं.

तेवढ्यात जावेनं हात वर केला. थेट माझ्या तोंडावर. मी तो झटकून दिला आणि ओरडले, "थोरल्या जावंवर हात उगारायलीस? माणसांम्होरं?" ती काहीतरी बोलायला गेली, मी बोलू दिलं नाही. गळ्यातल्या लिंगाला हात लावून, सगळ्या शेताला ऐकू जाईल असं म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याच्या अंगात किडे पडतील!"

तिचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं बघितलं, आपलं ताट उचललं आणि बैलगाडीच्या पलीकडं जाऊन एकटी जेवली. त्या दिवसापासून आमचा अबोला.

एका चुलीवर दोन बायकांचा अबोला चालवायचा म्हणजे मधे कुणीतरी लागतं. नवऱ्याला आणि दिराला आठवड्यात कंटाळा आला. दोघं जेवायच्या वेळी तोंड दाखवून पळायचे. मग राहिली म्हैस. स्वयंपाकघराचं मागचं दार गोठ्यात उघडतं, त्यामुळं ती सोयीची होती. मी दारात उभी राहून म्हशीला सांगायचे, "तिला म्हणावं पीठ संपलंय." जाऊ तिकडून म्हशीला म्हणायची, "डब्यात हाय म्हणावं, झाकण उघडून बगा." म्हैस दोघींकडं बघत रवंथ करायची. तिच्यामार्फत आम्ही चार महिने संसार केला. एकदा तर मी तिला विचारलं, "कामून आज डाळीत मीठ कमी हाय?" आणि म्हैस हंबरली. तेव्हा जाऊ चुलीपाशी हसली असावी. मला फक्त तिची पाठ दिसली.

असं कुठवर चालणार? आमच्या भावकीतले एक वयस्कर अप्पा आले, दोघा भावांना घेऊन बसले आणि ठरलं की बसव जयंतीला चूल वेगळी करायची. शेत, घर तसंच, फक्त चुली दोन. मला विचारलं. मी म्हणाले, "आजच करा की. मला कुणाची गरज न्हाई."

रात्रभर छताकडं बघत पडले. मला म्हशीची धार काढता येत नव्हती. माझ्या भाकरीला कोपरे होते. आणि त्याहून मोठी गोष्ट कुणालाच सांगता येण्यासारखी नव्हती: चार महिने त्या घरात कुणी मला अक्का म्हटलं नव्हतं. पण थांबवायचं म्हणजे मीच आधी बोलायला हवं, आणि आधी बोलायचं म्हणजे माशी होती हे कबूल करायला हवं. गिळलेली माशी पोटात पचली, पण ते एक वाक्य घशाखाली काही जाईना आणि घशावर येईना.

दुसऱ्या दिवशी जावेनं अंगणात चिखल मळायला घेतला. नवी चूल घालत होती. आपल्यासाठी.

त्यात चैत्र संपत आला आणि घामोळं फुटलं. डाव्या खांद्याखाली, बरोबर जावेच्या जागेवर, अशी खाज सुटली की डोळ्यांत पाणी यायचं. खाजवणार कोण? मी सरपणातली तुराटी उपसली. तुरीच्या काडीचं टोक कातरीसारखं असतं. पण हट्टी माणसाला टोक लागत नाही. दोन दिवस मी गोठ्याच्या खांबाआड उभं राहून तुराटीनं पाठ खाजवली. सुख असं की विचारू नका. तिसऱ्या दिवशी पोलक्याला रक्त लागलं. जखम ओली राहिली. मी काय केलं? वाऱ्याला वाळेल म्हणून दुपारी पाठ उघडी टाकून गोठ्यात पालथी झोपले, म्हशीच्या शेजारी, जिथं गावातल्या सगळ्या माशा वस्तीला असतात.

दोन दिवस गेले आणि माझ्या पाठीत कुणीतरी चालायला लागलं.

दुखत नव्हतं फारसं. आत सुळसुळ व्हायचं, मग एकदम कुणी चिमटा काढल्यासारखं. मी दोन आरसे घेतले, एक भिंतीवरचा, एक कुंकवाच्या डबीतला. त्यात मला एकदा कान दिसला, एकदा नवऱ्याचं धोतर. शेवटी नवऱ्याला आत बोलावून दार लावलं. त्यांना वाटलं, अबोला सुटला म्हणून सांगायचंय.

"पाठीवर बगा काय हाय."

त्यांनी चष्मा लावला. काढून पुसला, पुन्हा लावला.

"तीळ हायत," म्हणाले.

"तीळ? नवीन?"

"चार-पाच हायत. जखमेत हायत." मग जरा वेळानं, "हलायलेत."

"तीळ हलतेत व्हय?"

"तेच म्हणायलोय मी."

मग त्यांनी तो शब्द उच्चारला, किडे, आणि मी झटकन पदर पाठीवर ओढून घेतला. किड्यांमुळं नव्हे. शेतातल्या नऊ पाहुण्यांमुळं. खोटं बोलणाऱ्याच्या अंगात किडे पडतील! शापाला पत्ता बरोबर सापडला होता. देव एवढा नेमका असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. एरवी पाऊस मागितला तर शेजारच्या गावात पाडतो.

"तिला कळता कामा न्हाई," मी म्हणाले.

"डॉक्टरकडं चल."

"बसव जयंती होऊ द्या. परवा तर हाय. चूल वेगळी झाली की गुपचूप जाऊ."

"तवर हे तुला खातील."

"खाऊ द्या."

त्यांनी फिनेलची बाटली आणली. मी म्हणाले, मी फरशी न्हाई. मग मला आठवलं, जाऊ बैलाच्या जखमेला सीताफळाचा पाला वाटून लावते. किडे पटापटा खाली पडतात. नवऱ्याला बांधावर पिटाळलं. ते बिचारे सोज्वळ. पाला धोतराच्या सोग्यात लपवायचा सोडून हातात जुडी धरून अंगणातून आले. चुलीवर शेवटचा हात फिरवत असलेल्या जावेनं मान वर केली.

"काय ग," ती म्हशीला म्हणाली, "तुला जखम झाली व्हय? मला न्हाई सांगितलीस ते."

तिनं हात धुतले आणि म्हैस तपासायला घेतली. शिंगं, कान, खूर, शेपूट उचलून. काही सापडेना. दीर आला, त्यानंही तपासली. मग नवऱ्याला नाइलाजानं तपासावी लागली, कारण पाला त्यांच्या हातात होता. तिघं जण त्या निरोगी म्हशीभोवती फिरत होते. आणि मी दाराआड उभी, पाठीत पाहुणे घेऊन.

"वैनी, तुमी बगता का जरा?" दीर म्हणाला.

मी बाहेर गेले आणि म्हशीच्या कानात बघितलं. "साफ हाय," म्हणाले.

पाला लावला तशी पाठ पेटली. माणसाच्या कातड्याला तो झेपत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. किडे मात्र खोल गेले आणि तिथं त्यांनी बिऱ्हाड थाटलं. दुसऱ्या दिवशी जखमेला वास यायला लागला. मी उदबत्त्या लावल्या, विभूती फासली, अत्तराचा फाया ब्लाऊजमध्ये खोचला. भाकरी थापता थापता जावेनं नाक वर केलं. दोनदा हुंगलं. मग तवा उतरवून मागच्या दारात गेली आणि म्हशीला अगदी हळू आवाजात म्हणाली, "हा वास मी वळखते. जनावराचा न्हाई ह्यो."

दुपारी मी गोठ्यात पालथी पडले होते. अंगात कणकण होती, उठवत नव्हतं. पावलं वाजली. मी पदर ओढायला हात मागं नेला, तर तो हात कुणीतरी धरून बाजूला ठेवला. गार, चिखल लागलेला हात.

मग तिनं जखमेवरच्या माशा हाकलल्या.

"अय्य शिवने," ती म्हणाली. मग आवाज घट्ट करून म्हशीला, "तिला सांग, हलायचं न्हाई म्हणावं."

मी गवतात तोंड खुपसून म्हशीला म्हणाले, "म्हणावं मी कुठं हलायले? ते हलायलेत."

तिनं घरात जाऊन घट्ट तूप आणलं, जखमेवर लिंपलं. आत दम कोंडला की ते वर तोंड काढतात, हे तिनं म्हशीला समजावून सांगितलं. म्हशीला बहुधा माहीत होतं. थोड्या वेळानं भुवया काढायच्या चिमट्यानं तिनं एक ओढला. दुसरा अर्धा आला आणि आत निसटला. तिनं चिमटा खाली ठेवला.

"हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. एक आत तुटला तर पिकतंय. भालकीला नेयाचं म्हणावं. आत्ता."

"म्हणावं परवा जाते."

"तिला म्हणावं, परवापर्यंत मला वाट बघायची न्हाई." आणि पुढचं वाक्य ती म्हशीला बोलली की मला, ते अजून मला ठरवता आलेलं नाही: "मग पाठ कुणाची खाजवू मी?"

पुरुष शेतात होते. आम्ही दोघीच निघालो. बसमध्ये शेजारी बसलो, आणि लगेच पंचाईत झाली: म्हैस घरी राहिली होती. गाडी खड्ड्यातून गेली की माझी पाठ मागच्या दांड्यावर आपटायची. कंडक्टर तिकिटाला आला. जाऊ त्याला म्हणाली, "हिला सांगा, पुढं सरकून बसा म्हणावं, टेकू नका." मी त्याला म्हणाले, "तिला सांगा, मला कळतंय." त्यानं आमच्या दोघींच्या मधे डोकं घातलं, दोघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"अम्मा, वो तुम्हारे बाजूकूच बैठे हैं. तुम बोलो ना. मेरेकू कायकू बोलते?"

पण माणूस भला. उतरेपर्यंत त्यानं सहा निरोप इकडून तिकडं केले.

डॉक्टर तरुण होता. नाकाला रुमाल लावला नाही, म्हणून माझ्या मनातून उतरला नाही. त्यानं पालथं झोपवलं, दिवा ओढला.

"किती दिवस झाले?"

"चार," मी म्हणाले.

"डॉक्टर, तिला विचारा, चार दिवस गप कामून बसल्या?" जाऊ म्हणाली.

"तिला सांगा डॉक्टर, माझी पाठ हाय."

डॉक्टरनं हातमोजे घालता घालता विचारलं, "तुम्ही दोघी एकमेकींना दिसता ना?"

"दिसते की," जाऊ म्हणाली. "बोलत न्हाई."

"बरं," तो म्हणाला, जणू रोज हेच बघतो. "मग माझ्यामार्फत बोला. पण माझे हात चालू असताना कमी बोला."

त्यानं टर्पेंटाईनमध्ये भिजवलेली पट्टी जखमेत सारली. झोंबलं म्हणजे काय! माझ्या दाढेतून कन्नड शिव्या निघाल्या, ज्या मी जावेकडून शिकले होते. जरा वेळात ते सगळे हवेसाठी वर आले आणि तो एकेक चिमट्यात धरून ट्रेमध्ये टाकायला लागला. जाऊ उशाशी उभी राहून मोजत होती, तिच्या भाषेत, बाजारात लिंबं मोजावीत तशी: ओंदु, एरडु, मूरु. सात झाले तेव्हा मी डॉक्टरला विचारलं, "अजून हायत का?" तो म्हणाला, "आहेत. तुम्ही पाला लावला होता का काही?" मी म्हणाले, "म्हशीचा होता." जाऊ म्हणाली, "म्हैस साफ होती."

"हे होतं कशानं, डॉक्टर?" जावेनं विचारलं. "खोटं बोलल्यानं होतंय का?"

"नाही हो. उघड्या जखमेवर माशी बसते, अंडी घालते, दिवसाभरात अळ्या होतात. कुणालाही होईल. शाप नाही, पाप नाही. जखम झाकायची, धुवायची, गोठ्यात उघडं झोपायचं नाही. बस्स."

"पण मुळात जखम कशानं झाली, ते विचारा तिला."

डॉक्टरनं विचारायची गरज नव्हती. तो नववा की दहावा ओढत होता आणि तो काही सुटत नव्हता; पाठीतून थेट काळजाला ओढ बसत होती. मला जावेचे पाय दिसत होते. टेबलाच्या कडेवरून खाली नुसते पाय. अंगठ्याच्या नखात चुलीचा चिखल वाळलेला. ती चूल उद्या पेटणार, आणि मग हे पाय माझ्या स्वयंपाकघरात येणार नाहीत. डॉक्टरनं मला शाप नाही म्हणून सोडवलं होतं. नेमकं म्हणूनच आता गप्प बसता येईना.

"माशीच होती ग," मी म्हणाले. तिला. मधे कुणीही न घेता.

मोजणी थांबली.

"येळवशीला. जिरं न्हवतं. माशी होती. मी खाल्ली."

पाय हलले नाहीत. मग वरून आवाज आला, "मला ठाव हाय की अक्का. तिचा पंख तुमच्या व्हटाला चिकटला होता. मी पुसायला हात केले, पाव्हण्यांला दिसू न्हाई म्हणून. तुम्ही मलाच हाणलाव."

चार महिने मी गावभर सांगत होते की तिनं माझ्यावर हात उगारला.

"मग पंख?" मी विचारलं. "मी पंख तसाच घेऊन बसले व्हय सगळ्यांम्होरं?"

"पूर्ण पंगत होईपर्यंत," ती म्हणाली. "चमकत होता."

डॉक्टरचा चिमटा थांबला. आधी मला वाटलं दमला. तो हसत होता. तेवढ्यात तो हट्टी निघाला, मागोमाग राहिलेलेही. एकूण अकरा. मग त्यानं खारट पाण्यानं जखम धुतली, पट्टी केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जंताच्या आणि पिकू नये म्हणून गोळ्या दिल्या, साखर तपासली, रोज ड्रेसिंगला यायला सांगितलं. "फिनेल नाही लावलंत, नशीब," म्हणाला. "आणि घरी तूप लावून ओढत बसू नका, अर्धी अळी आत राहते."

"ते हिलाच सांगा," मी म्हणाले.

"मला कशाला," तो म्हणाला, "आता तुम्हीच सांगा की."

परतीच्या बसला तोच कंडक्टर होता. आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो. चार महिन्यांचं साचलेलं. तो तिकीट फाडून उभा राहिला, थोडा वेळ ऐकलं आणि जरा हिरमुसून पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी बसव जयंती. भावकीतले अप्पा स्वच्छ टोपी घालून आले. अंगणात नवी चूल वाळून तयार, हळदकुंकू लावलेली. मी पट्टी बांधून बाजेवर एका कुशीवर पडलेली. माझ्या मागं जाऊ बसलेली. अप्पांनी घसा साफ केला, दोन घरं, दोन चुली, शांततेत नांदा, असं बरंच बोलले. मग म्हणाले, "चला, थोरल्या सूनबाई, जुनी चूल तुमची. धाकट्यांनी नवी पेटवावी."

"नवीवर पाणी तापवायचं हाय," जाऊ म्हणाली. "अक्काच्या पट्टीचं."

"मग भाकरी?"

"त्या जुनीवरच की."

अप्पांनी आमच्या दोन्ही नवऱ्यांकडं बघितलं. दोघं आभाळाकडं बघत होते. "आरं, मग वाटणीची बैठक बोलावलीच कामून? चार महिने ह्या दोघी बोलत न्हाईत, आसं तुम्हीच म्हटलाव ना? कुणाला काय झालं होतं?"

जाऊ शांतपणे गोठ्याकडं बोट करून म्हणाली, "तिला इचारा. तिला सगळं ठाव हाय."

आणि ते भले गृहस्थ खरोखरच वळून म्हशीकडं बघायला लागले. मला हसू येऊ नये म्हणून मी उशीत तोंड दाबलं, कारण हसलं की टाका नसलेली जखमही ओढते. पट्टीच्या कडेला घामोळं भयंकर चुणचुणत होतं.

"जरा डाव्या बाजूला," मी उशीतून म्हणाले.

"हितं, अक्का?"

"अजून थोडं खाली. नखानं नको. बोटानं."